निवृत्तिवेतनाच्या पलीकडे

(निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत ३१ मे हा दिवस दरवर्षी निरोपसमारंभांचा असतो. पूर्वी खेड्यापाड्यांत जन्माच्या नोंदी फारशा होत नसत. मुलाचे नाव शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने १ जून ही तारीख लिहीत. त्याच तारखेच्या आधारे तो मुलगा पुढे नोकरीस लागे आणि तीच तारीख त्याला निवृत्तही करी. वयोमर्यादा ज्या महिन्यात पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरीस सेवा संपते. मात्र जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस संपते. त्यामुळे एकाच सायंकाळी एकेका कार्यालयातून अनेक जण शाल आणि श्रीफळ घेऊन घरी परततात. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी जाग येते, स्नान होते, चहा होतो. परंतु हजेरीपटावर सही करण्यासाठी निघण्याचे कारण उरलेले नसते. निवृत्तीचा खरा प्रश्न त्या सकाळी सुरू होतो.

निवृत्तीची कागदपत्रे तयार करण्याचे काम कार्यालयाने सुमारे दोन वर्षे आधी हाती घ्यावे, अशी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांची अपेक्षा आहे. सेवापुस्तकाची पडताळणी, ना-देय प्रमाणपत्र, वारसाची नोंद, पतिपत्नींचे संयुक्त छायाचित्र या सर्वांची चिंता नियमांनी वाहिली आहे. मनाच्या तयारीसाठी मात्र कोणताही नमुना नाही, आणि ती दुसरा कोणी करूनही देऊ शकत नाही.

वयाची रेषा

बहुतेक राज्य कर्मचारी ५८ व्या वर्षी आणि चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी ६० व्या वर्षी निवृत्त होतात. ही वये निसर्गाने ठरविलेली नाहीत. जर्मनीत बिस्मार्क चॅन्सेलर असताना १८८९ साली वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला, तेव्हा त्यात वयाची अट ७० वर्षांची होती. १९१६ साली ती ६५ वर आणण्यात आली. तरुणांना जागा मिळावी, कामकाज सुरळीत चालावे आणि तिजोरीवरचा भार मोजता यावा, अशा व्यावहारिक कारणांनी शासने ही रेषा आखतात व सोयीनुसार पुढेमागे करतात. या तारखेला माणसाची नेमणूक संपते. त्याची बुद्धी किंवा उमेद त्याच दिवशी संपावी असे काही नाही. साठीला पोहोचलेला भारतीय माणूस आज सरासरीने आणखी सुमारे १८ वर्षे जगतो. म्हणजे नोकरीत घालविलेल्या काळाच्या निम्म्याइतके आयुष्य अजून हाती असते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण येथे आठवावेसे आहे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून ते १९१४ साली निवृत्त झाले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली, तेव्हा त्यांचे वय ५८ वर्षांचे होते. ज्या वयात आज निरोपाचा हार गळ्यात पडतो, त्या वयात त्यांनी आयुष्यातील एक सर्वांत मोठे कार्य आरंभिले. पुढे १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. प्रत्येकाने कर्वे व्हावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तथापि दुसऱ्या कामाची मुळे पहिल्या कामाच्या काळातच रुजलेली असली तर निवृत्तीचा दिवस जड जात नाही, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून सामान्य माणसानेही घेण्यासारखी आहे. हिंगण्याचे त्यांचे कार्य ते प्राध्यापक असतानाच चालू होते.

नोकरी काय काय देत असते

नोकरी वेतन देते हे सर्वांना ठाऊक असते. ती आणखी चार गोष्टी देत असते, त्यांची जाणीव मात्र त्या गेल्यावरच होते. पहिली गोष्ट म्हणजे दिवसाची बांधणी. साडेनऊची लोकल, अकराचे टपाल, दुपारचा डबा, महिनाअखेरचे विवरणपत्र यांनी काळाला आकार आलेला असतो. दुसरी गोष्ट माणसांची संगत. तिसरी गोष्ट ओळख. "तहसील कार्यालयातले भाऊसाहेब" किंवा "जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई" या दोन शब्दांत गावातील स्थान निश्चित होते. चौथी गोष्ट उपयुक्ततेची. आपल्यावाचून एखादे काम अडते ही भावना माणसाला ताठ उभे ठेवते.

यांपैकी वेतनाची जागा निवृत्तिवेतन काही अंशी भरून काढते. उरलेल्या चार गोष्टींसाठी कोणत्याही कोषागारातून देयक निघत नाही. त्यांची तरतूद ज्याची त्यानेच करावयाची असते.

ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावी झालेले एक संशोधन या बाबतीत उद्बोधक आहे. तेथील कापडगिरणी बंद पडल्यावर जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल या अभ्यासकांनी त्या गावाची बारकाईने पाहणी करून १९३३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाती भरपूर वेळ आलेला असताना ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली होती. पुरुषांची चाल मंदावली होती आणि दिवसभरात काय केले हे त्यांना नीटसे सांगता येत नव्हते. स्त्रियांचा दिवस मात्र घरकामाने भरलेलाच होता. बेकारी आणि निवृत्ती यांत मोठे अंतर आहे, हे खरे. बेकाराला उद्याच्या भाकरीची भ्रांत असते. परंतु मोकळा वेळ आपोआप सत्कारणी लागतो ही समजूत किती फोल आहे, हे मारिएनथालने दाखवून दिले. "निवृत्त झाल्यावर भरपूर वाचीन" असे म्हणणाऱ्याने नोकरीत असतानाच रोज दहा पाने वाचण्यास आरंभ करावा, हे उत्तम.

पहिले वर्ष

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७६ साली निवृत्तीच्या अवस्थांची मांडणी केली. प्रारंभी उत्साहाचा काळ असतो, त्यानंतर भ्रमनिरास येतो, मग माणूस स्वतःची नव्याने जुळवाजुळव करतो आणि शेवटी स्थिरावतो. आपल्याकडेही हा क्रम ओळखीचा वाटतो. पहिले काही महिने तीर्थयात्रा, लेकीच्या घरी मुक्काम, घराची रंगरंगोटी यांत आनंदात जातात. ती कामे संपतात आणि दुपार मोठी वाटू लागते. मग पाय सहज जुन्या कार्यालयाकडे वळतात. पहिल्या खेपेस सर्व जण उठून उभे राहतात, चहा मागविला जातो. तिसऱ्या खेपेस खुर्ची पुढे येते. परंतु देणाऱ्याची नजर फाइलीवर असते. त्यात अनादर नसतो. ज्याच्या टेबलावर काम साचले आहे तो तरी काय करणार? तरीही परतीची वाट त्या दिवशी लांब वाटते.

या अवस्थेतून पुष्कळ जण जातात, आणि ती कायमची नसते, हे आधीच ठाऊक असले तर तिचा धसका बसत नाही. "निवृत्त झाला की माणूस खचतो" असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या स्ट्राइब व श्नायडर या अभ्यासकांनी काही हजार कर्मचाऱ्यांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन १९७१ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. केवळ निवृत्तीमुळे प्रकृती ढासळते, या समजुतीला त्यात आधार मिळाला नाही. प्रकृती बिघडल्यामुळे निवृत्त होणारे मात्र असतात, आणि त्यावरून समाज उलटा निष्कर्ष काढतो.

घरातील नवा माणूस

पस्तीस वर्षे सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परतणारा माणूस अकस्मात दिवसभर घरात राहू लागतो, तेव्हा घरालाही त्याची सवय व्हावी लागते. घराची व्यवस्था गृहिणीने आपल्या हाताने लावलेली असते. तिच्या दुपारच्या विश्रांतीची वेळ, शेजारणींशी बोलण्याची वेळ, स्वयंपाकाची रीत हे सारे त्याच्या अनुपस्थितीत ठरलेले असते. कार्यालयात टिपणीवर शेरा मारण्याची सवय जडलेला अधिकारी जर डाळ-तांदळाच्या डब्यांची तपासणी करू लागला, तर तंटा ठरलेलाच. ज्या घरातून तो आजवर सेवा घेत आला, त्या घरातील गृहिणीला निवृत्तीचा दिवस कधी येतच नाही, हे त्याने ध्यानात घ्यावे. भाजी आणणे, निवडणे, पाणी भरणे, नातवंडांचा अभ्यास घेणे यांपैकी काही कामे त्याने कायमची आपल्याकडे घ्यावीत. "मदत करतो" असे म्हणण्यापेक्षा "हे काम माझे" असे म्हणण्यात अधिक शोभा आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रीची अडचण याहून निराळी असते. तिची कार्यालयातील पाळी संपते आणि घरची दुहेरी होते. आता ती मोकळी आहे असे गृहीत धरून सगळा भार तिच्यावर टाकला जाऊ नये, हे पाहणे कुटुंबाचे कर्तव्य आहे.

पैशाचा विवेक

उपदान, रजा रोखीकरण आणि निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाची रक्कम हाती येते, तेव्हा आयुष्यात प्रथमच मोठा आकडा एकत्र दिसतो. त्याच वेळी सल्लागारांची गर्दी होते. कोणाला मुलाच्या धंद्यासाठी भांडवल हवे असते, तर कोणी दामदुपटीचे आमिष दाखवितो. अंशराशीकरणाने निवृत्तिवेतनाचा जो भाग आगाऊ घेतला जातो तो पूर्ववत सुरू होण्यास १५ वर्षे लागतात, हे विसरू नये. पहिले सहा महिने कोणताही मोठा निर्णय न घेता रक्कम सुरक्षित ठेवावी. घर आणि ठेवी हयातीत दुसऱ्याच्या नावे करण्याची घाई करू नये. कुटुंबनिवृत्तिवेतनाची माहिती, बँकेचे पुस्तक आणि कागदपत्रांची जागा पत्नीला ठाऊक असावी. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यास चुकू नये. २०१४ पासून तो संगणकीय पद्धतीनेही देता येतो.

निवृत्तिवेतन घेताना संकोचाचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात निकाल दिला. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची कृपा नसून पूर्वी केलेल्या सेवेतून मिळविलेला हक्क आहे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या पीठावर होते. अर्थात हा आधार सर्वांना सारखा लाभलेला नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्यांना अंशदायी योजना लागू झाली, आणि शेतमजूर, हातगाडीवाले, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांना तर निवृत्ती हा शब्दच ठाऊक नसतो. हात चालेनासे झाले की काम थांबते, एवढेच. ज्याला महिन्याच्या महिन्याला निश्चित रक्कम मिळते, त्याच्यावर समाजाचे काही देणे आहे, असे मानण्यास ही जाणीव पुरेशी आहे.

अनुभवाची परतफेड

हे देणे फेडण्यासाठी मोठ्या संस्थेची आवश्यकता नाही. निवृत्त तलाठ्याने आठवड्यातून एक दिवस चावडीजवळ बसून शेतकऱ्यांना सातबारा व फेरफार समजावून सांगितले, तर कित्येकांचे तालुक्याचे हेलपाटे वाचतील. निवृत्त परिचारिकेला वस्तीतील गरोदर स्त्रिया विश्वासाने प्रश्न विचारतील. एस. टी. च्या कार्यशाळेत हयात घालविलेल्या कारागिराच्या हाताखाली दोन मुले तयार होऊ शकतील. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना हिशेब लिहिणारा, पत्रव्यवहार पाहणारा, वेळेवर येणारा माणूस नेहमीच हवा असतो. पस्तीस वर्षे वेळेवर जाण्याची शिस्त ज्याच्या अंगी मुरली आहे, त्याच्याइतका योग्य मनुष्य कोठे मिळणार?

मात्र तेथे जाताना जुने पद कार्यालयातच ठेवून जावे. मंडळाचा अध्यक्ष वयाने लहान असेल, पूर्वीचा कनिष्ठ सहकारी असेल. त्याने सांगितलेली सतरंजी उचलण्याची तयारी असावी. अधिकार नियमाने मिळतो आणि नियमानेच जातो. आदर मात्र रोजच्या वागण्यातून मिळवावा लागतो, आणि तो कोणत्याही वयोमर्यादेला संपत नाही.

आपल्या परंपरेने गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला. आजच्या काळात अरण्यात जाण्याची गरज नाही. सत्तेची आणि आग्रहाची पकड सैल करणे व माणसांशी असलेले नाते घट्ट करणे एवढा त्याचा अर्थ घेतला तरी पुरे. दिवसातील काही वेळ शरीरासाठी, काही मनासाठी, काही घरासाठी आणि काही परक्यांसाठी, अशी वाटणी ज्याने निवृत्तीच्या आधीच ठरविली, त्याला पहिल्या सकाळी दार उघडून बाहेर पडण्याचे कारण सापडेल. कागदपत्रांसाठी दोन वर्षे लागतात. या तयारीसाठीही तेवढीच द्यावीत, आणि तिचा आरंभ आजपासून करावा.