चौऱ्याहत्तर मिनिटांची डबी



संयोजकांनी मला ‘जुनं काहीतरी’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. आपण सगळेच आता जुने झालो आहोत, त्यामुळे विषयाला तोटा नव्हता. पण मी बोलणार आहे ते माझ्या खिशातल्या या डबीबद्दल. सकाळपासून चौघांनी विचारलं, ‘हा कसला रे मोबाइल?’ हा मिनिडिस्क रेकॉर्डर आहे. वीसहून अधिक वर्षं मी गाणी यावरच ऐकतो आणि कुणाचा आवाज टिपायचा तर तोही यावरच टिपतो.

सोनी कंपनीने १९९२ मध्ये मिनिडिस्क बाजारात आणली. जपानमध्ये ती घरोघरी पोचली. तिथे सीडी भाड्याने देणारी दुकानं होती. मुलं सीडी आणत, घरी मिनिडिस्कवर उतरवून घेत आणि परत नेऊन देत. आपल्याकडे ती फारशी आलीच नाही. आपण कॅसेटवरून सीडी आणि एमपीथ्रीवर गेलो. मी नोकरीनिमित्त जपानमध्ये होतो, तेव्हा २००२ साली तोक्योच्या अकिहाबारा भागातून हा घेतला.

ही डिस्क बघा. ६४ मिलिमीटर व्यासाची चकती, वर प्लॅस्टिकचं कवच, सरकणारी धातूची झडप. संगणकाची जुनी फ्लॉपी आठवते ना, तिची धाकटी बहीण. यात लेझर एका बाजूने चकतीवरचा बारीक ठिपका तापवतो आणि दुसऱ्या बाजूचं चुंबक त्या ठिपक्याची दिशा ठरवतं. ठिपका थंड झाला की दिशा पक्की. कानाला जे जाणवत नाही ते वगळून आवाज सीडीच्या साधारण पाचव्या हिश्शात बसवतात. म्हणून एवढ्याशा चकतीवर ७४ मिनिटं मावतात. मोनोमध्ये घेतलं तर दुप्पट, १४८.

रोजच्या वापरात याचे लाड फार नाहीत. एक पेन्सिल सेल पुरतो. काही मॉडेलना च्युइंगमच्या पट्टीसारखी चपटी बॅटरी लागते, ती आता मिळणं कठीण. माझा तगला तो या पेन्सिल सेलमुळे. सकाळी फिरायला निघताना एकच डिस्क घ्यायची. यंत्र पुढचं संगीत आधीच वाचून काही सेकंदांपुरतं साठवून ठेवतं, म्हणून चालताना गाणं अडखळत नाही. डिस्क बदलायची तर घरी यावं लागतं. त्यामुळे एखादा राग नको वाटला तरी पुढे ऐकतो, आणि पुष्कळदा विसाव्या मिनिटाला तोच आवडायला लागतो. मोबाइलवर तेवढा धीर माझ्याच्याने धरवत नाही.

मला खरं सांगायचं आहे ते या डिस्कच्या अनुक्रमणिकेबद्दल. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटी जागा असते. कुठला तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, त्याचं नाव काय, हे तिथे लिहिलेलं असतं. रेकॉर्डिंग थांबवलं की यंत्र काही सेकंद ही अनुक्रमणिका लिहीत बसतं. त्याच वेळी सेल संपला, तर आवाज चकतीवर असतो, पण यंत्राला तो सापडत नाही. पुसण्याचंही तसंच. आपण एखादा तुकडा पुसतो तेव्हा फक्त अनुक्रमणिकेतली नोंद जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आवाज तिथेच पडून असतो, बेवारस.

आपले भूगोलाचे सर तुम्हाला आठवतात. फळ्याकडे न बघता महाराष्ट्राचा नकाशा काढायचे. २००५ मध्ये मी सुट्टीवर आलो, तेव्हा त्यांच्या गॅलरीत बसून त्यांना बोलतं केलं. सर सव्वादोन तास बोलले. शाळा देवळाच्या ओवरीत भरायची तेव्हापासून पत्रे उडाले त्या पावसापर्यंत सगळं. मधे कुकरच्या शिट्ट्या आहेत, काकूंचं ‘चहा टाकू ना?’ आहे. त्या रात्री बसून मी एकोणीस तुकडे पाडले. यंत्राला रोमन आणि जपानी अक्षरं येतात, देवनागरी येत नाही, म्हणून नावं कागदावर लिहून डबीत ठेवली.

सर आता नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने विचारलं, ‘दादा, बाबांचा आवाज आहे का हो कुणाकडे?’ माझ्या यंत्रातून आवाज संगणकात भराभर ओतता येत नाही. वाजवत जायचं आणि पलीकडे उतरवून घ्यायचं. सव्वादोन तासांना सव्वादोन तास. मी पूर्ण वेळ शेजारी बसून ऐकलं. नंतर तिचा फोन आला. नातवाने थेट आठवा तुकडा लावला होता, ‘पत्रे उडाले तो पाऊस’. त्याने आपले आजोबा कधी पाहिलेले नाहीत.

सरांचा आवाज आपल्यापैकी इतरांकडेही असेल. कुणाच्या निरोप समारंभाच्या कॅसेटमध्ये, कुणाच्या मोबाइलमध्ये ‘ऑडिओ ००४७’ अशा नावाखाली. तो आहे, पण मागितला तर सापडणार नाही. म्हणून माझी विनंती साधी आहे. घरी गेल्यावर अशा एका तरी रेकॉर्डिंगला नाव द्या. कोण बोलतंय, कुठे, कुठल्या साली, कशाबद्दल, एवढं पुरे. मुलांना ते जमणार नाही, कारण तो आवाज कुणाचा हे त्यांना ओळखूच येणार नाही.

सोनीने २०११ मध्ये मिनिडिस्क वॉकमन पाठवणं बंद केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या डिस्क बनवणंही थांबवलं. माझ्याकडे सतरा कोऱ्या डिस्क उरल्या आहेत. त्यातल्या पाच आज आणल्या आहेत, कारण आज इथे आपले तीन सर आणि दोन बाई आहेत. जेवणानंतर मी प्रयोगशाळेत माइक लावून बसणार आहे. आधी आपलं नाव आणि शाळेतली वर्षं सांगायची, मग वाटेल ते बोलायचं. नावं मी आजच लिहून ठेवीन. मराठीच्या बाईंनी पहिला नंबर लावला आहे, आणि मला बजावलं आहे की मधे बोलायचं नाही.