जुनें डिफरन्शियल लॉक विकत घेतांना

लॉकर हा शब्द उच्चारला कीं आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें बँकेंतील पोलादी पेटी उभी राहते. आजच्या भाषणाचा विषय असलेला लॉकर त्याहून अगदीं निराळा. तो मोटारीच्या एक्सलच्या पोटांत, काळ्या तेलांत बुडालेला असतो, आणि वेळप्रसंगीं दोन चाकांना एकत्र जखडून टाकणें हें त्याचें काम. चिखलांतून व दगडाधोंड्यांतून जीप नेणाऱ्या मंडळींना त्याची महती सांगावयास नको. परंतु नवा महाग पडतो म्हणून जुना शोधण्याचा मोह अनेकांस होतो. मलाहि झाला, आणि त्यांत मीं एकदां हात पोळून घेतले. त्या अनुभवांतून जें शिकलों तें आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचें आहे.

प्रथम डिफरन्शियल म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. गाडी वळत असतां बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां अधिक वाट चालावी लागते. जुन्या जीपच्या दोन चाकांमधील अंतर सुमारें सव्वा मीटर. अशी जीप एक पूर्ण फेरी घेते तेव्हां बाहेरचें चाक जवळजवळ पावणेआठ मीटर अधिक चालतें. फेरी लहान असो कीं मोठी, फरक तेवढाच. ज्याला शंका येईल त्यानें कागदावर दोन वर्तुळें काढून पडताळा पाहावा. दोन्ही चाकें एकाच ताठ दांड्यावर पक्कीं बसविलीं, तर वळणावर एकाला फरफटत जावें लागेल. ही अडचण दूर करणारी दांतेरी चक्रांची रचना ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञानें १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं योजिली. आजच्या मोटारींतहि तत्त्व तेंच आहे. मात्र या रचनेंत एक खोड आहे. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक चिखलांत गेलें कीं तें फुकट फिरूं लागतें; त्याला फिरविण्यास जो अल्पसा जोर लागतो तेवढाच कोरड्या जमिनीवरील चाकाच्या वांट्यास येतो, आणि गाडी जागची हलत नाहीं. लॉकरनें दोन्ही दांडे एकमेकांस जखडले म्हणजे ज्या चाकाला पकड आहे तें गाडी ओढून नेतें.

२०१८ च्या आषाढांत ही खोड आमच्या घरांत एकाच्या जिवावर बेतली होती. मुळशी खोऱ्यांत माझ्या पुतण्याची शेती आहे. तेथून पक्का रस्ता दीड कोसावर. एका मध्यरात्रीं माझ्या थोरल्या वहिनींच्या छातींत कळ आली. त्यांना जुन्या जीपमध्यें घालून निघालों तों ओढ्याच्या चढावर गाडी रुतली. डावें चाक चिखल उडवीत गरगर फिरत होतें आणि उजवें खडकावर स्वस्थ होतें. पुढच्या एक्सलचीहि तीच गत. शेजारच्या वाडीवरचीं माणसें दोर घेऊन आलीं, आणि पावणेदोन तासांनीं गाडी निघाली. वहिनी वांचल्या. “आणखी थोडा उशीर झाला असता तर,” एवढेंच बोलून डॉक्टरांनीं वाक्य अर्धवट सोडलें. तें अर्धें वाक्य आम्ही कोणी विसरलों नाहीं.

“काका, नवा लॉकर घेण्याची ऐपत नाहीं, जुना पाहूं या,” असें पुतण्या म्हणाला. आम्ही मुंबईच्या एका भंगार बाजारांत गेलों. दुकानदारानें एक लॉकर फडक्यानें पुसून पुढें ठेवला. “जीपचाच आहे. डाना चव्वेचाळीस. डोळे मिटून न्या,” असें तो म्हणाला, आणि आम्हीं तो खरोखरच डोळे मिटून आणला. १८,००० रुपये रोख मोजले. गांवीं मिस्त्रीनें एक्सल उघडला, तर चाकाकडे जाणारा दांडा, ज्यास हे लोक हाफशाफ्ट म्हणतात, तो लॉकरमध्यें बसेचना. आमच्या दांड्याच्या टोकाला खांचा १९, आणि आणलेल्या लॉकरमध्यें ३०! पस्तीस वर्षें मुलांना “उत्तर पडताळून पाहा” म्हणून बजावणारा मी, स्वतः मात्र एकोणीस आणि तीस यांतला फरक मोजावयास विसरलों होतों. विकलेला माल परत घेत नाहीं, असें दुकानदारानें सांगितलें. शेवटीं तो लॉकर दुसऱ्या एकास १०,००० रुपयांस, खांचांची संख्या स्पष्ट सांगून, विकला. ८,००० रुपये गेले आणि एक पावसाळा गेला.

दुकानदार खोटें बोलला असें म्हणतां येत नाहीं. डाना-४४ या एकाच नांवाच्या एक्सलांत निरनिराळ्या काळीं १०, १९ आणि ३० खांचांचे दांडे आलेले आहेत. तेव्हां पहिली गोष्ट ही कीं नांवावर जाऊं नये. आपला दांडा बाहेर काढून, एका खांचेवर खडूची खूण करून, त्या मोजाव्या; आणि शक्य असेल तर तो दांडाच बरोबर न्यावा.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. मोठ्या क्राऊन चक्राचे दांते ४१ आणि लहान पिनियनचे ११ असतील तर प्रमाण ३.७३ होतें. डाना-४४ मध्यें ३.७३ व त्याखालील प्रमाणांस एक घर लागतें, आणि ३.९२ व त्यावरील प्रमाणांस दुसरें. भलत्या घराचा लॉकर घेतला तर क्राऊन-पिनियनची जोडीहि नवी घ्यावी लागते. शिवाय चारहि चाकांना जोर देणाऱ्या गाडीचे पुढचें व मागचें प्रमाण सारखें ठेवावें लागतें. म्हणजे दोन्ही एक्सलांचा खर्च उभा राहतो.

तिसरी गोष्ट जातीची. कांहीं लॉकर चालकाच्या आज्ञेनें लागतात, हवेनें, विजेनें किंवा तारेनें. फोर्सच्या गुरखा गाडींत पुढें-मागें असे लॉक मिळतात. कांहीं आपोआप लागतात. महिंद्राच्या थार गाडींत ईटनचा जो लॉकर येतो, तो दोन चाकांच्या वेगांत मिनिटास सुमारें शंभर फेऱ्यांचा फरक पडला म्हणजे जखडतो. हवेच्या लॉकरमध्यें सुमारें १०० पौंड दाबाची हवा भरावी, नळी बंद करावी, आणि दाब उतरतो का तें पाहावें. रबराचीं कडीं गेलीं असतील तर तीं स्वस्तांत बदलतां येतात. पण कडें जेथें टेकतें तो पृष्ठभागच चरे पडून खराब झाला असेल तर माल सोडून द्यावा. विजेचा असेल तर बारा व्होल्टची बॅटरी लावून तो लागतो आणि सुटतो, दोन्ही पाहावें. लागला पण सुटला नाहीं, तर तो लॉकर नव्हे, संकट.

आपोआप लागणाऱ्याची परीक्षा टेबलावर पुरती होत नाहीं. तो उघडूनच पाहावा. आंतल्या तबकड्या निळ्या-काळ्या पडल्या आहेत काय, दांत्यांच्या कडा गोल झाल्या आहेत काय, घराला तडा आहे काय, हें नजरेनें कळतें. लहानमोठे टायर एकाच एक्सलला लावून चालविलेल्या गाडीचा असा लॉकर लवकर झिजतो. म्हणून तो कोणत्या गाडींतून निघाला हें अवश्य विचारावें. उघडूं देण्यास जो विक्रेता नाहीं म्हणतो त्याच्याकडून घेऊं नये. आणि पावती मागावी; चोरीच्या मालाचा ग्राहक होणें हा गुन्हाच आहे.

किंमत करतांना केवळ लॉकरची किंमत धरूं नये. नवीं बेअरिंगें, तेल, हवेचा पंप व नळ्या, आणि जाणत्या मिस्त्रीची मजुरी हीं मिळवून मग नव्याशीं ताडून पाहावें. क्राऊन आणि पिनियन यांमधील मोकळीक डाना-४४ मध्यें ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवावी लागते. हें अंदाजानें होणारें काम नव्हे. कित्येकदां बेरीज केल्यावर जुन्याचा स्वस्तपणा उरत नाहीं.

लॉकर बसल्यावरहि विवेक सुटतां कामा नये. कोरड्या पक्क्या रस्त्यावर तो लावून वळूं नये. टायर घासतात आणि दांड्यावर ताण येतो. पुढचा लॉकर लावला असतां सुकाणू जड होतें. चढ संपला कीं लॉक सोडावें, हा नियम बरा.

पुढच्या वैशाखांत पुण्यास एक हवेचा लॉकर मिळाला. विक्रेत्यानें तो आमच्यासमोर उघडला, हवा भरून दाखविली, पावती दिली. खांचा मीं मोजल्या, पुतण्यानें मोजल्या, आणि मग २६,००० रुपये दिले. २०१९ च्या श्रावणांत भर पावसांत आम्ही त्याच ओढ्याच्या चढावर आलों. पुतण्यानें कळ दाबली आणि गाडी न थांबतां वर चढली. मागच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भावोजी, या खेपेस मोजून घेतलात वाटतें!”