पायी धुळं, एस.टी.नं जळगाव

कमी खर्चात शहर पाहायचं असेल, तर धुळ्यात रिक्षाला हात करायची गरजच नाही. 1818 नंतर खानदेशात आलेल्या कॅप्टन ब्रिग्जनं इथली पेठ सरळ रेषेत आखली. गल्ल्यांना चक्क नंबर! पत्ता विचाराल तर ‘चार नंबरच्या गल्लीत जा’ असं उत्तर मिळेल. आग्रा रोडनं पाचकंदीलपर्यंत चालत जा, बाजार फुकटात पाहून होतो. मग राजवाडे संशोधन मंडळ गाठा. खेडोपाडी हिंडून दप्तरं जमवणारे इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला याच गावात वारले.

जळगाव इथून साधारण नव्वद किलोमीटर. एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर तेही नाही. तिथं जुन्या जळगावात कवयित्री बहिणाबाईंचा चौधरी वाडा पाहा. आणि हिवाळा असेल तर भरीत खाल्ल्याशिवाय परतू नका. हिरवी, लांबट वांगी काड्यांच्या जाळावर काळी होईस्तोवर भाजतात, सोलून मिरची-लसणासोबत ठेचतात, वरून कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी तरी भरीत म्हणत नाही!