ज्याच्या हाती वाद्य नाही असा संगीतकार
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



संगीतावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा ज्याच्या हाती वाद्यच नसते अशा संगीतकाराविषयी बोलण्याचे मी योजिले. तो म्हणजे ऑपेराच्या वाद्यवृंदाचा संचालक. या पदावर जगभर कीर्ती मिळविलेले श्री. झुबिन मेहता हे आपल्या शेजारच्या मुंबईचे.

पुणेकरांस ऑपेरा समजावून देणे फारसे कठीण नसावे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली याच शहरी रंगभूमीवर आले. परंतु आपल्या नाटकात गद्य असते, पदे मधूनमधून येतात. नट रंगात आला की पद वाढवितो आणि ऑर्गन व तबला त्याच्या मागोमाग जातात. ऑपेरात बहुधा आरंभापासून अखेरपर्यंत गाणेच. स्वर न् स्वर लिहिलेला. आणि वादक रंगमंचापुढील खोलगट जागेत बसलेले. दोन्हीकडे दृष्टी असते ती एकट्या संचालकाची. गायकाचा श्वास संपत आला हे त्याने आधी ओळखावे व हाताच्या खुणेने वादकांस आवरावे. स्वतः तो एकही स्वर काढीत नाही.

मेहतांचा जन्म २९ एप्रिल १९३६ चा. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. १९३५ साली त्यांनी मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभारला होता. त्यात पारशी वादकांच्या शेजारी आपले गोवेकर ख्रिस्ती बांधवही बसत. मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून त्यास सेंट झेविअर्स महाविद्यालयात घातले. परंतु १९५४ साली, अठराव्या वर्षी, तो अभ्यास सोडून झुबिन व्हिएन्नास गेले. जे वडील स्वतः व्हायोलिनच्या अध्ययनासाठी मुलांना मागे ठेवून न्यूयॉर्कला जाऊन राहिले होते, त्यांच्याही घरी वैद्यकीचीच ओढ असावी! आपणां आईबापांना यात आपलेच रूप दिसेल.

व्हिएन्नास हान्स स्वारोव्स्की हे त्यांचे गुरू. थोर संचालकांच्या तालमी विद्यार्थ्यांस पाहावयास मिळत नसत. तेव्हा झुबिन आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउदिओ आब्बादो यांनी युक्ती केली : दोघेही तेथील गायकवृंदात सामील झाले. गाता गाता संचालकाचा हात निरखावयाचा! पुढे १९५८ साली लिव्हरपूलच्या स्पर्धेत पहिला क्रमांक आला, १९६५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘आयदा’चे संचालन, १९८५ ते २०१७ फ्लॉरेन्स आणि १९९८ ते २००६ म्युनिक येथील ऑपेरांचे नेतृत्व.

एक प्रयोग मात्र सविस्तर सांगितलाच पाहिजे. पुच्चिनीच्या ‘तोस्का’चा पहिला अंक रोममधील सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले या मंदिरात घडतो व ‘ते देउम’च्या घोषात संपतो. जुलै १९९२ मध्ये तो प्रत्यक्ष त्याच मंदिरात गाइला गेला आणि दूरचित्रवाणीवरून देशोदेशी दिसला. गायक मंदिरात, मेहता व वादक शहरात अन्यत्र, स्टुडिओत! गायकांस त्यांचा हात केवळ पडद्यावर दिसे. जो श्वास आपल्या पुढ्यात नाही, तो त्यांनी सांभाळला.

आज सायंकाळी आपलाही गायकवृंद ‘ते देउम’ गाणार आहे. पूर्वी बावीस गळे होते, आता नऊ उरले. बाकीची मुले शिकवणीस जातात. तालीम गुरुवारी सहा वाजता असते. पालकांनी तेवढा एक तास मुलांना सोडावे, ही विनंती.