जिभेवरून रक्ताची पारख

वैद्य नाडी सोडतांच रोग्यास जीभ दाखवावयास सांगतो, आणि रोगी मनांतल्या मनांत म्हणतो कीं, दुखणें अंगाचें, मग जिभेशीं काय काम? ही रीत पोटाची हालहवाल घेण्यापुरती आहे, असा सामान्य समज असतो. परंतु जीभ, हिरड्या व ओठांचे कोपरे रक्ताचीही बातमी देतात, आणि पुष्कळदां फार लौकर देतात. ती बातमी उलटी वाचली गेली म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांत नमूद आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडन येथें विल्यम हंटर नांवाचे एक नामांकित डॉक्टर होते. त्या काळीं एका जातीच्या रक्तक्षयास औषधच नव्हतें. ज्यास तो जडला तो बहुधा थोड्या वर्षांत दगावे, म्हणून त्याचें नांवच ‘घातक रक्तक्षय’ असें पडलें होतें. चेहरा फिकट पिवळा, चार पावलें चालतांच धाप, हातापायांस मुंग्या, आणि जिभेची सारखी आग. ती जीभ लाल, गुळगुळीत, साल काढल्यासारखी दिसे. हंटर यांचें हें निरीक्षण अचूक होतें. तसल्या जिभेस त्यांचें नांव आजही चिकटलेलें आहे. अनुमान मात्र फसलें. किडक्या दांतांचें व पुवाळलेल्या हिरड्यांचें विष पोटांत उतरून रक्त नासतें, असें त्यांनीं ठरविलें. १९१० सालीं कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें त्यांनीं मुखांतील पुवाविषयीं दिलेलें व्याख्यान बरेंच गाजलें, आणि पुढें वीसएक वर्षें इंग्लंड-अमेरिकेंत संधिवातापासून वेडापर्यंत नाना दुखण्यांपायीं लोकांचे चांगले दांतही उपटले गेले. घातक रक्तक्षयाच्या रोग्याचें तोंड बोळकें होई, आणि रोग होता तेथेंच राही.

तोडगा निघाला तो अगदींच अनपेक्षित. १९२६ सालीं बॉस्टन येथील मायनॉट व मर्फी या डॉक्टरांनीं ४५ रोग्यांस रोज भरपूर कलेजी खावयास घातली, आणि मरणाच्या दारीं बसलेलीं माणसें उठून हिंडूं लागलीं. या कामगिरीस १९३४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कलेजींतील तें गुणकारी द्रव्य, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व, हातीं लागावयास मात्र १९४८ साल उजाडलें. दोष दांतांचा नव्हताच. अन्नांतील बी-१२ शोषून घेण्यास लागणारा एक रस जठराच्या अस्तरांत पाझरतो. तोच आटला होता.

मग जीभ कां सोलावी? रक्तांतील तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते, आणि अस्थिमज्जेंत नव्या पेशी अखंड घडत असतात. तोंडाचें अस्तर तर त्याहून लौकर झिजतें व नवें होतें. दोन्हीं कारखान्यांस माल एकच लागतो. तो तुटला कीं जिभेवरचे कांटे नाहींसे होतात, आणि कधीं कधीं तपासणींत रक्त फिकें दिसण्यापूर्वींच जीभ तक्रार करूं लागते.

या मालांतील दुसऱ्या एका द्रव्याचा शोध मुंबईशीं निगडित आहे. १९२८ सालीं लूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईस आल्या. येथील गरीब गरोदर स्त्रिया, त्यांत गिरणीकामगार बायकाही पुष्कळ, एका तीव्र रक्तक्षयानें खंगत असत. विल्सबाईंनीं त्यांच्या आहाराची बारकाईनें चौकशी केली, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि यीस्टच्या स्वस्त अर्कानें हा रोग हटतो असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील द्रव्य तें फॉलिक आम्ल. १९४५ सालीं अमेरिकेंत तें कृत्रिम रीतीनें तयार झालें, आणि त्या प्रयोगशाळेचे सूत्रधार होते आंध्रचे येल्लाप्रगड सुब्बाराव. एक खबरदारी मात्र हवी: बी-१२ची उणीव असतां नुसतें फॉलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारल्यासारखें दिसतें, पण मज्जातंतूंची खराबी आंतून चालूच राहते. बी-१२ भाजीपाल्यांत नाहीं. शाकाहारी घरांत दूधदुभतें हाच काय तो आधार.

तथापि सर्वांत अधिक आढळतो तो लोहाच्या उणिवेचा रक्तक्षय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांस कोणता ना कोणता रक्तक्षय असल्याचें दिसलें. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या गृहिणीच्या ओठांचे कोपरे चिरतात, हिरड्या फिक्या पडतात, आणि ती ‘उष्णता झाली’ म्हणून जिभेस तूप लावते. एखादी मुलगी चोरून पाटीवरची पेन्सिल किंवा माती खाते, आणि मार खाते. वास्तविक तिला हिमोग्लोबिनची तपासणी हवी असते. जेवणावर लगेच चहा घेतल्यानें अन्नांतील लोह नीट शोषलें जात नाहीं. ताटांतल्या लिंबानें तें अधिक शोषलें जातें.

हिरड्यांतून रक्त येण्याचें नेहमींचें कारण दांतांवरचें किटण हेंच असतें, हें खरें. परंतु दांत साफ करूनही रक्त थांबत नसेल, हिरड्या सुजून दांतांवर चढत असतील, जोडीला ताप किंवा अंगावर काळेनिळे डाग असतील, तर मंजन बदलीत बसूं नये. रक्ताच्या कर्करोगाची पहिली खूण कधीं कधीं हीच असते. अशा वेळीं दंतवैद्यानें चिमटा हातीं घेण्याआधीं रक्त तपासवून घ्यावें. रोग्यानेंही कांहीं लपवूं नये. विदर्भांत व नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हा रक्तविकार असल्यास दांतांतील पू अंगदुखीचा तीव्र झटका आणूं शकतो. बी-१२ची उणीव असलेल्यास दांत काढतांना ‘हसविणारा वायु’ दिल्यास मज्जातंतूंस इजा पोंचूं शकते. आणि मामास किंवा भावास लहानशा जखमेनंतर रक्त थांबत नसे, असा घरचा इतिहास असेल, तर तो दांत काढण्यापूर्वींच सांगावा. हिमोफिलियाच्या रोग्याचाही दांत आतां काढतां येतो: रुग्णालयांत, आधीं रक्त गोठविणारा घटक शिरेंतून देऊन, आणि नंतर कांहीं दिवस ट्रॅनेक्सामिक आम्लाच्या गुळण्या करावयास लावून.