मोटार जळाली की नुसती आंधळी झाली?

आम्ही बारामती एमआयडीसीजवळच्या एका बचत गटातल्या बाया बोलतोय. कंपन्यांत आणि टेक्स्टाइल पार्कमध्ये शिलाईला जाणाऱ्या बायकांना आम्ही दुपारचे डबे पोचवतो. त्यासाठी गटानं कर्ज काढून बॅटरीवरची तीनचाकी घेतली. मागच्या पावसाळ्यात ती एका सकाळी जागच्या जागी गचके देऊ लागली आणि बंदच पडली. मेकॅनिक आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "मोटार जळाली. नवी टाका, बावीस हजार."

त्या रात्री आमच्यापैकी कुणाला झोप आली नाही. हप्ता डोक्यावर, डबे भाड्याच्या रिक्षानं पाठवायचे आणि आता हे बावीस हजार. दुसऱ्या दिवशी गटातल्या एका ताईंची आयटीआयला जाणारी लेक म्हणाली, "मावशी, जळाल्याचा वास आला का? नाही ना? मग आधी हॉल सेन्सर तपासू या."

मोटारीच्या आत लोहचुंबक फिरतात. चुंबक कुठवर आलाय हे कळल्याशिवाय वीज कोणत्या वेटोळ्यात सोडायची ते ठरत नाही. हे सांगायला आत तीन बारकेसे डोळे बसवलेले असतात, तेच हॉल सेन्सर. पोरीनं मीटर लावला आणि चाक हातानं हळूहळू फिरवलं. दोन तारांवर आकडा शून्य ते पाच व्होल्ट असा खाली-वर होत होता. तिसरीवर हललाच नाही. मोटार धडधाकट होती, तिचा एक डोळा गेला होता. काही शेकड्यांत काम झालं.

आता हा 'हॉल' कोण? एडविन हॉल नावाचा अमेरिकेतला विद्यार्थी. १८७९ मध्ये त्यानं काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, मिठाईवर लावतात तसा पातळ. वर्खातून वीज सोडली आणि तो चुंबकापाशी धरला. दंडातून सरळ चाललेलं पाणी आडव्या वाऱ्यानं एका काठाला चढावं, तशी वीज वर्खाच्या एका कडेला सरकली. दोन कडांमध्ये थोडासा दाब तयार झाला आणि मीटरनं तो पकडला. वर्खच का? कारण पत्रा जितका पातळ, तितका हा दाब जास्त. जाड पत्र्यात तो इतका कमी पडतो की कळतही नाही.

पुढची गंमत ऐका. बाहेरून धरलेल्या चुंबकानं वीज सरकते. पण त्या पापुद्र्याच्या आतच चुंबकांची वेणी घातलेली असेल तर?

तसे पदार्थ आहेत. त्यांना कायरल चुंबक म्हणतात. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही ना, तसं ज्याच्या घडणीतच डावं-उजवं असतं ते कायरल. घेवड्याचा वेल काठीभोवती एकाच बाजूनं चढतो. सोडवून उलटा गुंडाळला तरी पुन्हा आपल्याच वळणावर जातो. मँगनीज आणि सिलिकॉनच्या एका स्फटिकात अणूंची मांडणीच अशी पिळाची असते. त्यामुळे आतली इवलीशी चुंबकं साध्या लोहचुंबकासारखी एका दिशेला तोंड करून उभी राहत नाहीत. शेजारीण किंचित वळलेली, तिच्या पलीकडची आणखी थोडी, असा सुतळीसारखा पीळ पडतो. हा पीळ इतका बारीक, की आपल्या एका केसाच्या जाडीत असे हजारो पीळ मावतील.

अशा पदार्थाला बाहेरून बेताचं चुंबकत्व दिलं की पिळाचे भोवरे होतात. त्यांना स्कर्मिऑन म्हणतात, टोनी स्कर्म या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून. २००९ मध्ये ते जर्मनीत सापडले आणि २०१० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी पातळ कापात त्यांचं चित्रच घेतलं. लेकराच्या डोक्यातला भोवरा कितीही विंचरला तरी जात नाही, तसे हेही सहजासहजी मोडत नाहीत. जाड तुकड्यात ते थंडीच्या अगदी अरुंद पट्ट्यात दिसतात, पातळ पापुद्र्यात जास्त तापमानांना टिकतात. २०१५ मध्ये कोबाल्ट, जस्त आणि मँगनीजच्या मिश्रणात ते आपल्या घरातल्या तापमानालाही मिळाले.

विजेचे कण या भोवऱ्यातून जाताना त्याच्या वळणासोबत वळतात आणि कडेला ढकलले जातात. म्हणून मीटरवर नेहमीपेक्षा थोडा वेगळा आकडा येतो. इथे आम्हाला आमची गाडी आठवली. कारण पापुद्र्याचा एक भाग थोडा वेगळा आणि दुसरा थोडा वेगळा असला, तर भोवरा नसतानाही मीटरवर तसाच उंचवटा दिसू शकतो. मग शास्त्रज्ञांनाही नुसत्या मीटरवर विसंबून चालत नाही. ते सूक्ष्मदर्शकानं चित्र घेऊन बघतात, भोवरा खरंच आहे का.

हे सगळं कशासाठी? भोवरा आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य, अशी माहिती साठवता येईल. हे भोवरे फार थोड्या विजेनं हलतात, म्हणून कमी वीज खाणारी मेमरी करता येईल अशी आशा आहे. बाजारात ती अजून आलेली नाही. पण चुंबकाचा अभ्यास आपल्या पुण्यातल्या आयसरमध्येही चालतो, आणि तिथे आपल्या पोरी जाऊ शकतात. पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले अणूच्याही आतल्या कणांचा अभ्यास करून मोठ्या शास्त्रज्ञ झाल्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तर बायांनो, आम्ही दोन गोष्टी गाठीला बांधल्या. गाडी, पंप, शिलाई मशीन, काहीही बंद पडलं आणि कुणी म्हणालं 'जळालं', तर विचारायचं, "कशावरून? मीटर लावून दाखवा." त्यात लाज कसली? शास्त्रज्ञही एकमेकांना हेच विचारतात.

आणि दुसरी. त्या पोरीचं लग्न यंदा उरकायचं घाटत होतं. तिनं गटाचे बावीस हजार वाचवले, त्यावर गटात बोलणं झालं. आता तिच्या पुढच्या शिक्षणाची फी गट बिनव्याजी उसनी देणार आहे, आणि तिची आई हो म्हणाली आहे. तुमच्या गटात अशी कोण आहे, ते बघा.