पणजोबांचा शोध



'आमचे पणजोबा कुणबी होते. कागद तेवढा सापडत नाही,' हे वाक्य गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात घरोघरी ऐकू येते. 2023 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, 2025 च्या 2 सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटिअरसंबंधीचा शासननिर्णय निघाला, आणि ज्या दप्तरांवरची धूळ कोणी झटकीत नव्हते ती एकाएकी मोलाची झाली. आरक्षणाचा वाद हा आज आमचा विषय नव्हे. तो घालावयास जागा पुष्कळ आहेत. पणजोबांना शोधावयाचे कसे आणि तो शोध अडतो कोठे, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

आपले नळदुर्ग एके काळी जिल्ह्याचे ठाणे होते. 1853 च्या तहाने हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि मेडोज टेलर येथला कारभार पाहू लागले. 1860 साली तो पुन्हा निजामाकडे आला. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात. घर बोरीकाठचे न हलता त्या घराचा कागद मात्र इतक्या राज्यांतून फिरला. म्हणून एकाच कुळाची नोंद कोठे मोडीत, कोठे उर्दूत, कोठे इंग्रजीत पडलेली असते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत. उर्दूत वरचा एक ठिपका खाली पडला की 'न'चा 'ब' होतो. 'कुणबी' या तीन अक्षरांवर घराची आशा टांगलेली असावी आणि त्यातला ठिपकाच वाळवीने खावा, असेही घडते. त्यात सन फसली! फसली 1311 म्हणजे 590 मिळवून इसवी 1901-02, हे ठाऊक नसल्यामुळे हातातला कागद कोणत्या काळचा हेच कित्येकांना उमगत नाही.

आमच्याकडे लोक येतात ते बहुधा शेवटून आरंभ करतात. जुन्या पत्रकात 'राणू वल्द खंडू, कुणबी' असे दिसले की आनंदाने म्हणतात, हेच आमचे राणोजी! अहो, पण गावात राणू किती होते? जुन्या नोंदीत आडनाव बहुधा नाहीच. त्यातून नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत. खंडूचा राणू, राणूचा खंडू, पुन्हा खंडूचा राणू. एक पिढी गळली तरी नाव जुळतेच, आणि नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे होत नाही.

वाट उलटी धरावी लागते. आधी आपला शाळेचा दाखला, मग वडिलांच्या शाळेच्या रजिस्टरातील उतारा, मग आजोबांच्या वारसाचा फेरफार, त्यावरून सर्व्हे नंबर, आणि त्या नंबराचे 1954-55 चे खासरा पत्रक. माणसे नावे बदलतात. जमिनीचा नंबर इतक्या सहजी बदलत नाही. तो बदलला तरी जुन्यानव्याचा मेळ बहुधा कागदावरच असतो. नंबराचा धागा राणूपर्यंत पोचला, तरच तो राणू आपला. ज्यांना जमीनच नव्हती त्यांची वाट अधिक बिकट, आणि तसे लोक थोडे नाहीत.

गॅझेटिअरविषयीही एक गैरसमज आहे. त्यात आणि जुन्या खानेसुमारीच्या छापील कोष्टकांत जातवार आकडे असतात. अमुक भागात कुणबी किती, हे त्यावरून कळते. तुमचे पणजोबा त्यांत होते काय, हे कळत नाही. आकड्याला वंशावळ नसते.

अमेरिकेत चोक्टॉ नावाचे मूळ रहिवासी आहेत. मिसिसिपीकडून त्यांतील बहुतेकांना 1830 नंतर ओक्लाहोमाच्या मुलखात हाकलले गेले. तेथे डॉज आयोगाने 1898 ते 1906 या काळात घरोघरची नावनिशी यादी केली. आज ओक्लाहोमातील चोक्टॉ राष्ट्राचे सभासद व्हावयाचे तर त्या यादीतल्या माणसापर्यंत थेट वंश दाखवावा लागतो. 'आमची पणजी चोक्टॉ होती' असे सांगणारी घरे तिकडेही पुष्कळ, आणि यादीत नाव न मिळाल्याने हिरमुसली होणारीही पुष्कळ. त्यांच्या गळ्याला यादीचा फास, तर आपल्याकडे अशी एक यादीच नाही. दहा कचेऱ्यांतले शंभर गठ्ठे आहेत. कोणाचे बरे, हे आम्हांस ठरवता आलेले नाही.

दुवा तुटला की मोह उभा राहतो. जुन्या रजिस्टरात नव्या शाईने तीन अक्षरे घालणारे 'जाणकार' भेटतात. इतर मागासवर्गाच्या दाव्यास 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा त्या तारखेअलीकडची शाई उपयोगाची नाही, हे त्यांनाही पक्के ठाऊक असते. पण दावा सिद्ध करण्याचा भार कायद्याने दावा करणाऱ्यावर टाकला आहे. खोटे उघडकीस आले की दाखला रद्द, त्यावर मिळालेला प्रवेश किंवा नोकरी रद्द, वर सहा महिने ते दोन वर्षे कैदही होऊ शकते. हे भोगावे लागते मुलाला. 'जाणकार' केव्हाच दुसऱ्या गावी गेलेला असतो. तुटलेला दुवा तुटला म्हणून लिहावा. नोंद न मिळणे म्हणजे पूर्वज कुणबी नव्हते असे नव्हे. ते होते असेही नव्हे.

कचेरीबाहेरही वाटा आहेत. हेळवी बैलावरून दारी येऊन पिढ्या वाचून दाखवीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आलेल्या यात्रेकरूच्या मुलाभावांची नावे असतात. त्यांवर दाखला मिळेलच असे नाही. पण कोणता राणू शोधावयाचा ते कळते. आणि घरात म्हातारी आत्या असेल तर उद्या सकाळीच तिच्यापाशी वही घेऊन बसा. वंशावळीच्या कागदावर तिचे नाव कोणी लिहीत नाही, परंतु ती याच घरात जन्मली आहे, आणि आजोबांच्या भावांची नावे, कोणाच्या वाट्याला कोणते शेत गेले, हे तिला पाठ असते. नावे ती सांगेल तशी लिहून घ्या. दुरुस्त करू नका.